सबवूफर बोलेना: जोडणीतला दोष टप्प्याटप्प्याने कसा शोधायचा

सबवूफर, म्हणजे फक्त खालचा बास वाजवणारा स्पीकर (पुढे नुसता ‘सब’), वाजेनासा झाला की हात आधी मागच्या नॉबकडे जातात. व्हॉल्यूम वाढवला, क्रॉसओव्हर (सब किती वरच्या सुरापर्यंत वाजवेल ते ठरवणारा नॉब) फिरवला, फेजचा (सबची लाट स्पीकरच्या लाटेशी जुळवणारा) स्विच खालीवर केला, केबल काढून शेजारच्या सॉकेटमध्ये घातली. अर्ध्या तासाने मूळ दोष तसाच राहतो आणि आधी नीट लागलेली सेटिंगही हरवलेली असते. या लेखात उलटी वाट धरली आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि साखळीच्या शेवटच्या टोकापासून, म्हणजे सबपासून, मागे मागे यायचं. दोष सबमध्ये आहे, केबलमध्ये आहे, ॲम्पमध्ये आहे की मेनूतल्या एखाद्या ओळीत, हे असं केल्याने नक्की कळतं. आणि माझं मत विचाराल तर, ‘सब गेला’ म्हणून जी तक्रार होते तिच्यात सब स्वतः धडधाकट निघण्याचीच शक्यता जास्त असते.

डोळ्यांसमोर धरली आहे ती आपल्याकडच्या घरांतली नेहमीची मांडणी: स्टिरिओ इंटिग्रेटेड ॲम्प, दोन बुकशेल्फ स्पीकर आणि स्वतःचा ॲम्प पोटात असलेला एक सब. ॲम्पऐवजी होम थिएटरचा रिसीव्हर असेल तर जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

हात लावण्याआधी

सबच्या आणि ॲम्पच्या मागच्या पॅनेलचे मोबाइलवर फोटो काढा. कोणती केबल कुठे आहे आणि कोणता नॉब कुठे आहे, हे फोटोत स्पष्ट दिसायला हवं. रिसीव्हर असेल तर स्पीकर सेटिंगच्या पानांचेही फोटो घ्या.

साहित्य थोडंच लागतं. एक चांगली, चालू आहे याची खात्री असलेली आरसीए केबल (मधे पिन आणि भोवती कडं असलेल्या प्लगची), हेडफोनच्या ३.५ मिमी पिनेपासून आरसीएपर्यंतची एक केबल, साधा मल्टिमीटर, टॉर्च, आणि मोबाइलमध्ये ठराविक हर्ट्झचा सूर काढणारं कुठलंही मोफत टोन जनरेटर ॲप. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत यातलं सगळं मिळतं.

केबल काढता-घालताना ॲम्प आणि सब दोन्ही बंद हवेत, तेही भिंतीवरच्या बटणावरून. आरसीए प्लगची मधली पिन बाहेरच्या कड्याच्या आधी टेकते. सब चालू असेल तर त्या क्षणी जो धडाका निघतो, तो वूफरला इजा करू शकतो. हा नियम पुढे प्रत्येक पायरीला लागू आहे, मी तो पुन्हा पुन्हा लिहीत नाही.

सब एकट्याने वाजतो का?

सर्वांत आधी बघा की सबला स्वतःची विजेची वायर आहे का. जुन्या ‘होम थिएटर इन अ बॉक्स’ संचांमधला सब बऱ्याचदा पॅसिव्ह असतो. त्याच्या पोटात ॲम्प नसतो, त्याला मुख्य युनिटमधूनच ताकद मिळते. असा सब नव्या ॲम्पच्या सब-आउटला कितीही जोडा, तो हूं की चूं करणार नाही. त्यात बिघाड नाही, त्याला वेगळा पॉवर ॲम्प हवा.

विजेची वायर आहे पण दिवाच लागत नाही? प्लग थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावून बघा, एक्स्टेन्शन बोर्ड मधे नको. बऱ्याच सबना मागे दोन स्विच असतात, एक मुख्य आणि एक ‘ऑन-ऑटो-ऑफ’चा (‘ऑटो’वर सिग्नल आला की सब आपोआप जागा होतो). मुख्य स्विच झाडू-पोछा करताना धक्का लागून बंद होतो आणि आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही. मग फ्यूज. पुष्कळ सबमध्ये तो विजेच्या वायरीच्या सॉकेटलगतच्या छोट्या खणात असतो. प्लग भिंतीतून काढूनच तो खण उघडा. फ्यूज उडालेला असेल तर तितक्याच अँपियरचा आणि त्याच प्रकारचा घाला. त्यावर ‘टी’ हे अक्षर असेल तर तो सावकाश उडणारा, तिथे तसाच हवा. नवाही लगेच उडाला तर तिथेच थांबा, दोष आतल्या ॲम्पमध्ये आहे. जाड तार किंवा चंदेरी कागद लावून काम भागवणं म्हणजे घरात आगीला बोलावणं आहे.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेला सब असेल तर प्लग लावण्याआधी मागचं लेबल वाचा. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. व्होल्टेज निवडायचा स्विच असेल तर तो २३० वर हवा. स्विच नसेल आणि लेबलवर फक्त १२० असेल, तर पुरेशा क्षमतेच्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय तो लावू नका.

दिवा लागतोय, पण आवाज नाही. आता खरी चाचणी. सबला लागलेल्या सगळ्या सिग्नल केबल काढा. ‘ऑटो’चा स्विच ‘ऑन’वर घ्या. व्हॉल्यूम अगदी कमी, क्रॉसओव्हर सर्वांत वर. हेडफोन पिनेची केबल मोबाइलला किंवा लॅपटॉपला लावा आणि तिचं आरसीए टोक सबच्या लाइन इनपुटमध्ये घाला. टोन जनरेटरवर ५० हर्ट्झचा सूर लावून मोबाइलचा आवाज मध्यावर आणा आणि मग सबचा नॉब हळूहळू उघडा. गाणं लावू नका. काही गाण्यांत खालचा बास नसतोच आणि निष्कर्ष चुकतो.

भरीव, एकसारखा हुंकार आला तर सब निरोगी आहे. दोष मागे कुठेतरी आहे, त्यामुळे सबचे नॉब आता विसरा. आवाज नाही, पण वूफरवर हलकेच बोट ठेवल्यावर थरथर लागते, तर सूर पोहोचतोय पण फार क्षीण, मोबाइलचा आवाज वाढवून बघा. काहीच नाही, तर दुसऱ्या इनपुटमध्ये घालून बघा, कारण काही सबवर एलएफई (सिनेमातल्या वेगळ्या बासचा मार्ग) आणि डावं-उजवं असे वेगळे सॉकेट असतात आणि कुठला चालू ठेवायचा ते एक स्विच ठरवतो. तरीही शांतता असेल तर सब दुरुस्तीला न्यायचा आहे, थेट शेवटच्या भागाकडे जा.

केबल

केबलचा निकाल लावायला फार वेळ लागत नाही. चालू असल्याची खात्री असलेली केबल लावा. सब बोलला तर जुनी केबल फेकून द्या. लांब केबल भिंतीच्या कडेने ओढून नेलेली असेल आणि बदलणं कटकटीचं असेल तर मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवा. एका टोकाची मधली पिन ते दुसऱ्या टोकाची मधली पिन, बीप हवा. कडं ते कडं, बीप हवा. पिन ते कडं, बीप अजिबात नको, आला तर आत शॉर्ट आहे. तपासताना प्लगजवळ केबल थोडी वाकवून बघा, कारण तार तुटते ती बहुधा तिथेच.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर आरसीएचं सॉकेट काळपटतं आणि आवाज अधूनमधून जातो. बंद स्थितीत प्लग सॉकेटमध्ये चार-पाच वेळा फिरवला की वरचा गंज खरवडला जातो. कायमचा इलाज म्हणजे कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा. सोफ्यामागून गेलेली केबल उंदरांनी कुरतडलेली नाही ना, तेही टॉर्च मारून बघा.

वाय केबलबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. एका सब-आउटचे दोन फाटे करून सबच्या डाव्या-उजव्या इनपुटमध्ये घालायला हरकत नाही, काही सबवर त्याने पातळी थोडी वाढते. पण ॲम्पच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन आउटपुटांना वाय केबलने एकत्र करून एका इनपुटमध्ये घालू नका. त्याने दोन आउटपुट एकमेकांवर ताण देतात. सबला दोन इनपुट असतील तर दोन केबल वापरा.

ॲम्पमधून सिग्नल निघतो का?

सब ठीक, केबल ठीक, मग ॲम्पकडे वळायचं. इथे सर्वाधिक घोटाळा सॉकेट निवडण्यात होतो. ॲम्पच्या मागे आरसीए सॉकेटांची रांग असते आणि त्यातले बरेच इनपुट असतात. आउटपुटमध्येही दोन जाती. ‘सब आउट’ आणि ‘प्री आउट’ हे व्हॉल्यूमच्या नॉबनंतरचे, त्यांच्यावरचा सिग्नल नॉबसोबत कमी-जास्त होतो. ‘रेक आउट’, ‘टेप आउट’, बऱ्याचदा ‘लाइन आउट’ हे नॉबच्या आधीचे. सब तिथे लावला तर ॲम्पचा आवाज शून्यावर आणला तरी सब दणदणतच राहतो. हे लक्षण दिसलं की दुसरं काही तपासू नका, केबल चुकीच्या सॉकेटमध्ये आहे.

सॉकेट बरोबर असून सब गप्प असेल तर मोजून बघा. ॲम्पला टोन जनरेटरवरून ५० हर्ट्झचा सूर द्या. बरोबर ५० हर्ट्झच, कारण साधे मल्टिमीटर एसी व्होल्ट मोजतात ते आपल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेले असतात आणि त्याच्या आसपासच ते खरं सांगतात. केबल सबकडून काढा, मीटर एसीच्या सर्वांत लहान पट्टीवर ठेवा आणि केबलच्या मोकळ्या टोकाची पिन आणि कडं यांना मीटरच्या काड्या लावा. व्हॉल्यूम वाढवला की आकडा वाढायला हवा. थोडेफार मिलिव्होल्ट ते एखादा व्होल्ट, नेमकं किती याला महत्त्व नाही. आकडा नॉबसोबत हलतो हे पुरेसं आहे. शून्याला चिकटून राहिला तर ॲम्प सिग्नल सोडतच नाही. मग तो सेटिंगमुळे सोडत नाही की बिघाडामुळे, हे बघायचं.

ॲम्पला सब-आउट किंवा प्री-आउट काहीच नसेल तर सब स्पीकरच्या टर्मिनलवरून जोडायचा. बऱ्याच सबवर त्यासाठी ‘हाय लेव्हल’ इनपुट असतो. रेल या ब्रिटिश कंपनीच्या सबसोबत स्पीकॉन प्लगची केबल येते: लाल वायर उजव्या प्लसला, पिवळी डाव्या प्लसला, काळी कुठल्याही एका मायनसला. या जोडणीत सब ॲम्पवर जवळपास काहीच भार टाकत नाही, त्यामुळे ‘ॲम्प जळेल’ ही भीती सोडा. मला तर स्टिरिओसाठी ही जोडणी मनापासून आवडते, कारण सबला तोच सिग्नल मिळतो जो स्पीकरला मिळतो.

तरी दोन ठिकाणी सांभाळा. तारेचा एखादा सुटा केस शेजारच्या टर्मिनलला टेकला तर ॲम्प प्रोटेक्शनमध्ये जातो आणि सगळंच बंद पडतं, म्हणून टोकं पीळ देऊन घट्ट बसवा. दुसरं, काही ॲम्पचं आउटपुट ब्रिज पद्धतीचं असतं आणि क्लास डी ॲम्पमध्ये हे बऱ्याचदा आढळतं. तिथे मायनस टर्मिनलही जिवंत असतं, ते अर्थला जोडलेलं नसतं. अशा ॲम्पला काळी वायर मायनसला लावली तर ॲम्पचं नुकसान होऊ शकतं, ती चेसिसला, म्हणजे ॲम्पच्या धातूच्या पेटीला, लावायची असते. ॲम्पच्या माहितीपत्रकात याचा उल्लेख शोधा, सापडला नाही तर कंपनीला विचारल्याशिवाय जोडू नका.

आणि ‘ए’ व ‘बी’ अशा दोन जोड्या असलेल्या ॲम्पवर सब ‘बी’ला लावला असेल, तर समोरचं ‘बी’चं बटण दाबलेलं आहे ना?

रिसीव्हरचा मेनू

रिसीव्हरवर सब गप्प असण्याचं कारण बहुतेकदा इथेच सापडतं. स्पीकर सेटअपमध्ये सबवूफर ‘येस’ आहे का बघा. मग पुढच्या स्पीकरचा आकार. तो ‘लार्ज’ असेल तर रिसीव्हर सगळा बास त्यांनाच देतो आणि स्टिरिओ गाण्यात सबकडे काहीच जात नाही. ‘स्मॉल’ करा, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवा. स्पीकर लहान म्हटल्याने कुणाची प्रतिष्ठा कमी होत नाही, मोठ्या टॉवर स्पीकरनाही हे मानवतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ५.१ (पाच स्पीकर आणि एक सब) मधला ‘.१’ म्हणजे एलएफई हा चित्रपटासाठी वेगळा ध्वनिमुद्रित केलेला मार्ग आहे, १२० हर्ट्झपर्यंतचा. स्टिरिओ गाण्यात तो नसतोच. त्यामुळे ‘सिनेमात सब वाजतो, गाण्यात नाही’ ही तक्रार आली की स्पीकर ‘लार्ज’ आहेत किंवा ‘प्युअर डायरेक्ट’सारखा मोड चालू आहे असं समजा. काही रिसीव्हर त्या मोडमध्ये सब पूर्ण बंद करतात. उलट, गाण्यात वाजतो आणि सिनेमातला धमाका येत नाही, तर टीव्हीचं किंवा सेट-टॉप बॉक्सचं ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’ वर आहे का बघा. पुष्कळदा त्याने ५.१ चं दोन चॅनेलमध्ये रूपांतर होतं आणि एलएफई वाटेतच गळतो.

रिसीव्हर क्रॉसओव्हर सांभाळत असेल तर सबचा स्वतःचा क्रॉसओव्हर नॉब सर्वांत वर न्या किंवा एलएफई इनपुट वापरा. रिसीव्हर ८० ला कापतोय आणि सब ६० ला, अशी दुहेरी कात्री लागली की ६० ते ८० मधला भाग कुणीच वाजवत नाही. नुसत्या स्टिरिओ ॲम्पवर मात्र सबचा नॉब हाच क्रॉसओव्हर असतो. तिथे बुकशेल्फ स्पीकर जिथे दमतात, म्हणजे साधारण ५० ते ६० हर्ट्झ, तिथून सुरुवात करा.

ऑटो कॅलिब्रेशननंतर (रिसीव्हर माइकने स्पीकर मोजून सेटिंग स्वतः लावतो ती सोय) रिसीव्हरने सबचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवलं तर ते ‘दुरुस्त’ करू नका. सबच्या आतल्या फिल्टरमुळे आवाजाला जो उशीर होतो तो त्यात धरलेला असतो.

वाजतो, पण मधेच झोपतो

रात्री हळू आवाजात ऐकताना सब दहा-पंधरा मिनिटांनी गप्प होतो आणि आवाज वाढवला की जागा होतो. हा बिघाड नाही, ‘ऑटो’ला सिग्नल पुरत नाही. सोपा उपाय स्विच ‘ऑन’वर ठेवणं. रिसीव्हर असेल तर मुळावर इलाज करा. सबच्या पातळीचा आकडा बघा, बहुतेक रिसीव्हरवर तो उणे १२ ते अधिक १२ असतो. उणे १२ जवळ असेल तर सबचा नॉब फार उघडा आहे आणि रिसीव्हर बिचारा सिग्नल दाबून ठेवतोय. सबचा नॉब कमी करून कॅलिब्रेशन पुन्हा चालवा. रिसीव्हरमधून दमदार सिग्नल निघेल आणि ऑटो वेळेवर जागा होईल.

घूं असा आवाज

या दोषावर लोक सर्वांत जास्त पैसे वाया घालवतात, म्हणून इथे घाई नको. सब आणि ॲम्प बंद करून सिग्नल केबल सबकडून काढा आणि सब पुन्हा चालू करा. आता ऐका.

घूं तसाच राहिला तर दोष सबमध्ये आहे किंवा विजेत आहे. सबचा व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही वूफरमधून येत असेल तर आतल्या पॉवर सप्लायचे कपॅसिटर म्हातारे झाले असण्याचा संभव आहे. आवाज वूफरमधून नसून पेटीच्या मागच्या पत्र्यातून येत असेल तर तो ट्रान्सफॉर्मरचा थरथराट आहे. आणि वीज गेल्यावर, इन्व्हर्टरवरच हा आवाज येत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. साइन वेव्हचा इन्व्हर्टर बसवा किंवा त्या वेळात सब बंद ठेवा.

केबल काढल्यावर घूं थांबला तर बहुधा ग्राउंड लूप. केबल सबला लावून तिचं दुसरं टोक मोकळं सोडून मात्र तपासू नका. मोकळी केबल अँटेनासारखी गुणगुण पकडतेच, त्यातून काही सिद्ध होत नाही.

ग्राउंड लूप म्हणजे दोन उपकरणं दोन वेगळ्या वाटांनी अर्थला पोहोचलेली असणं. त्या दोन ठिकाणी विजेची पातळी किंचित वेगळी असते आणि तो फरक सिग्नल केबलच्या कड्यातून वाहतो. शोधायची रीत अशी: केबल सबला आणि ॲम्पला जोडलेली ठेवा आणि ॲम्पला लागलेली बाकीची उपकरणं एकेक करून सोडवा. फक्त बंद करून भागत नाही, केबलच काढा. सेट-टॉप बॉक्सकडे येणारी गोल केबल आधी काढा. ती गच्चीवरून किंवा इमारतीच्या केबल वितरणातून येते आणि तिथे तिचं स्वतःचं अर्थिंग असू शकतं. ती काढताच घूं थांबला तर त्या केबलवर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवा. डिशचा असेल तर डिशसाठीचाच घ्या, कारण त्या केबलमधून वर वीजही जाते. लॅपटॉपचा चार्जर हा दुसरा नेहमीचा संशयित.

तेवढ्याने भागलं नाही तर सब, ॲम्प आणि टीव्ही एकाच भिंतीच्या सॉकेटवरच्या एकाच चांगल्या बोर्डवर घ्या. सब खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या सॉकेटवर लावलेला असतो तेव्हा एवढ्यानेच घूं जाताना दिसतो. सिग्नल केबल विजेच्या वायरीला चिकटून जात असेल तर वेगळी करा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

आरसीए केबलच्या मधे घालायचा ग्राउंड लूप आयसोलेटर बाजारात स्वस्तात मिळतो. घूं जातो हे खरं, पण स्वस्त आयसोलेटरमधला छोटा ट्रान्सफॉर्मर अगदी खालचा बास खातो. ज्यासाठी सब घेतला तेच हरवणार असेल तर हा उपाय शेवटचा.

आणि प्लगची अर्थची जाड पिन तोडू नका, टूपिन ॲडॉप्टर लावून ती टाळू नका. घूं थांबतो म्हणून हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. आत काही सुटून पत्र्याला टेकलं तर ती पिन तुमचा जीव वाचवते. उलट, घरात अर्थिंग नावापुरतंच आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या चाळींत आणि वाड्यांत सॉकेटला तिसरं भोक असतं आणि त्यामागे वायरच नसते.

वाजतो, पण बास जाणवत नाही

आधी दोन्ही स्पीकरच्या वायरी बघा. एकावर लाल-काळं उलटं झालं असेल तर दोन स्पीकर एकमेकांचा बास खोडतात आणि दोष सबच्या माथी येतो. मोनो ध्वनिमुद्रण लावा, गायकाचा आवाज बरोबर मधून यायला हवा. तो डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटला तर वायर उलटी आहे.

मग फेज. नेहमीच्या जागी बसा, क्रॉसओव्हरच्या जवळचा, ६० ते ८० हर्ट्झचा सूर लावा आणि घरातल्या कुणाला सबचा स्विच ० आणि १८० यांत बदलायला सांगा. ज्या बाजूला आवाज मोठा, ती बाजू बरोबर.

आता खोली. १२ फूट लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपास आणि १० फूट रुंदीत ५६ च्या आसपास आवाज भिंतींमध्ये अडकून उभा राहतो. हौदातलं पाणी हिंदकळलं की कडेला चढतं आणि मधोमध जवळपास जागच्या जागी राहतं, तसंच हे. भिंतीशी बास दणकतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर तोच सूर गायब होतो. आपल्या विटा-काँक्रीटच्या भिंती आणि फरशीची जमीन हा बास शोषत नाहीत. गालिचा आणि पडदे टाळीचा घुमारा कमी करतात, पण ५० हर्ट्झपुढे ते हतबल आहेत. म्हणून पहिला उपाय म्हणजे खुर्ची मध्यावरून फूट-दोन फूट सरकवणं.

सबची जागा ठरवायला एक जुनी, हमखास युक्ती आहे. सब उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बासचं ओळखीचं गाणं लावा आणि तुम्ही खाली वाकून भिंतीकडेने फिरा. जिथे बास स्वच्छ आणि सम वाटेल तिथे सब ठेवा. कोपऱ्यात सर्वांत मोठा आवाज मिळतो, पण तोच सर्वांत फुगलेलाही असतो.

पारखायला तबल्याचं एकल वादन घ्या. डग्ग्यावरचा घिस्सा खालून वर सरकत जातो. सगळं जुळलं असेल तर तो एकाच जाडीने सरकतो. मधेच एका ठिकाणी फुगला तर खोलीचा तो सूर आहे, मधेच पातळ झाला तर क्रॉसओव्हर किंवा फेजकडे परत जा. सबचा व्हॉल्यूम इतकाच ठेवा की डग्गा सबमधून नाही, समोरच्या वादकाकडून येतोय असं वाटेल.

खडखड आणि दुरुस्ती

वूफर फाटला असं ठरवण्याआधी ३० ते १२० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर मध्यम आवाजात लावा आणि खोलीत फिरा. शोकेसची काच, देव्हाऱ्याची घंटा, खिडकीची ग्रिल, कपाटाचं दार, यांतलं काहीतरी एका ठराविक सुराला थरथरतं. हाताने दाबलं की थांबतं. खडखड खरोखर वूफरमधूनच येत असेल तर कडेचा मऊ पट्टा बघा. तो फोमचा असेल तर आपल्या दमट हवेत काही वर्षांनी भुगा होतो. तो बदलून मिळतो, नवा वूफर घ्यायची गरज नाही.

सब मोबाइलच्या चाचणीतही गप्प राहिला असेल तर वूफरला लागलेल्या वायरी काढून वूफरचा रोध मोजता येतो. ८ ओहमच्या वूफरवर मीटर सहाच्या आसपास, ४ ओहमच्यावर साडेतीनच्या आसपास दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर कॉइल गेली. आकडा ठीक असेल तर दोष प्लेट ॲम्पमध्ये, म्हणजे सबच्या मागच्या पत्र्यावर बसवलेल्या ॲम्पमध्ये आहे. त्यासाठी त्या ॲम्पचे स्क्रू काढून आत हात घालू नका, प्लग काढल्यावरही मोठे कपॅसिटर बराच वेळ भरलेले राहतात. कारागिराला फोनवर चार गोष्टी सांगा: दिवा लागतो की नाही, फ्यूजचं काय झालं, केबल काढल्यावर घूं येतो का, आणि वूफरचा रोध किती. पुष्कळदा तो फक्त प्लेट ॲम्प मागवतो आणि जड पेटी न्यावी लागत नाही. तो काढायला माणूस येईल तेव्हा वूफरकडे जाणाऱ्या दोन वायरींपैकी प्लसच्या वायरीला चिकटपट्टी लावून घ्या, म्हणजे परत बसवताना फेज उलटा होणार नाही.